ओढ्याच्या सोबतीने नागेश्वर

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्यालय असलेले मेढा हे गाव वेण्णा नदीच्या काठी वसले आहे. केळघर घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या प्रवाशाला ते ओळखीचे असते. चहापुरता तो तेथे थांबतो आणि पुढे निघतो. या तालुक्याचा दुसरा भाग डोंगराच्या पलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात आहे, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. वेण्णा आणि कोयना या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या एकाच पठारावर उगम पावतात. वेण्णा मेढ्यावरून पूर्वेकडे वळून संगम माहुलीला कृष्णेला मिळते, तर कोयना सरळ दक्षिणेकडे निघून, पुढे काटकोनात वळून कराडला कृष्णेची भेट घेते. दोघींच्या मधल्या डोंगररांगेवर कासचे पठार पसरले आहे. ही रांग ओलांडून बामणोलीला उतरले की समोर शिवसागर जलाशयाचे निळे पाणी दिसते आणि त्या पाण्यापलीकडे, सह्याद्रीच्या मुख्य धारेपर्यंत, दाट अरण्य.

या अरण्यातील वासोटा किल्ल्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. किल्ल्याच्या शेजारचे नागेश्वराचे लेणेवजा मंदिरही भटक्यांना ठाऊक असते. परंतु तेथे नेणारी वाट ज्या ओढ्यांच्या आधाराने जाते, त्या ओढ्यांचा उल्लेख बहुतेक वर्णनांत ‘वाटेत एक ओढा लागतो’ एवढ्या एका वाक्यात संपतो. वस्तुस्थिती अशी आहे, की या मोहिमेत चढ दमवतो, पण अडवते ते पाणी. विशेषतः नागेश्वराहून मेट इंदवलीकडे उतरताना ओढा कधी डाव्या हाताला असतो, कधी उजव्या, आणि कित्येकदा ओढ्याचे पात्र हीच वाट असते. कोकणातून, चोरवणे गावाकडून चढणाऱ्यालाही सुरुवातीचा टप्पा असाच पाण्याच्या अल्याड-पल्याड करत कापावा लागतो. एकच ओढा किती वेळा ओलांडला, याची मोजदाद थोड्या वेळाने सुटते.

बामणोलीहून यांत्रिक होडीने तासा-दीड तासात मेट इंदवलीच्या किनाऱ्याला लागता येते. मेट इंदवली हे एके काळचे नांदते गाव. आता तेथे वनविभागाची चौकी आहे आणि गावाच्या खुणा शोधाव्या लागतात. चौकीवर नावनोंदणी होते, सोबतच्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजल्या जातात आणि परतीच्या वेळी त्या पुन्हा दाखवाव्या लागतात. तेथून थोड्याच अंतरावर पहिला ओढा येतो. काठावर लहानसे देवस्थान आहे, झाडांची गच्च सावली आहे, आणि पाणी इतके नितळ की तळाचा गोटा हाताने उचलावा असा जवळ भासतो. येथेच पहिली चूक घडते. नितळ पाण्याची खोली डोळ्यांना नेहमीच कमी वाटते. घोट्याएवढे समजून टाकलेले पाऊल गुडघ्यापर्यंत जाते, तोल जातो, आणि दिवसाची सुरुवात भिजलेल्या पाठपिशवीने होते. डिसेंबरमध्ये यातून गमतीपलीकडे काही होत नाही. ऑक्टोबरमध्ये मात्र होऊ शकते.

पाण्याचा स्वभाव

सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांवर थर बसून घडलेल्या काळ्या कातळाचा आहे. त्यातले काही थर घट्ट आणि कठीण, तर काही सच्छिद्र, लवकर झिजणारे. त्यामुळे ओढ्याचे पात्र एकसारख्या उताराचे नसते. कठीण थरावरून पाणी सपाट वाहते, थराच्या कडेवरून उडी घेते आणि खालच्या मऊ थरात डोह कोरते. गोट्यांनी घुसळून कातळात पडलेले रांजणखळगे अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोजला पर्यटक मुद्दाम पाहायला जातात. लहान आकाराचे तसलेच खळगे घाटातल्या कोणत्याही ओढ्यात आढळतात. फरक इतकाच, की निघोजचे खळगे उघडे दिसतात आणि चालत्या ओढ्यातले पाण्याखाली दडलेले असतात. सपाट कातळावर पोटरीभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या पावलाला कमरेइतक्या खळग्यात उतरतो, तो यामुळे.

दुसरी गोष्ट पाणलोटाची. नागेश्वराच्या या ओढ्यांचे पाणलोट क्षेत्र फार लहान आणि फार उभे आहे. धारेवर पडलेले पाणी खाली पोहोचायला दिवस लागत नाही, तास-दोन तास पुरतात. या मुलखात पाऊसही तसाच असतो. जवळच्या महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारणपणे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै 2021 मध्ये तर तेथे चोवीस तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दोन-तीन दिवसांत धारेच्या पश्चिमेला चिपळूण शहर पाण्याखाली गेले, पूर्वेला पाटण तालुक्यात दरडींखाली वस्त्या गाडल्या गेल्या, आणि जावळी तालुक्यातही ओढ्याच्या पुरात माणसे वाहून गेली. ही माणसे तेथलीच होती. तो ओढा त्यांच्या रोजच्या पायाखालचा होता. पर्यटनाला आलेल्याने एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे.

अर्थात भर पावसाळ्यात अभयारण्यात प्रवेश नसतो. साधारणपणे जूनच्या मध्यापासून पाऊस सरेपर्यंत ही वाट बंद असते, आणि ते योग्यच आहे. धोका उरतो तो दोन कडेच्या काळांत. एक, ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाचा. दुसरा, एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचा. या दोन्ही पावसांची रीत सारखी आहे. सकाळ स्वच्छ असते, दुपारी धारेवर ढग दाटतात, आणि खाली मेट इंदवलीत ऊन असतानाच वर तासभर झोडपून काढणारी सर येते. ज्याने सकाळी घोटाभर पाण्यातून ओढा ओलांडला, तो संध्याकाळी त्याच ठिकाणी लालसर, फेसाळ पाण्यासमोर उभा राहतो. पलीकडच्या काठावर वाट दिसत असते. तलावाच्या काठी होडीवाला वाट पाहत असतो. अंधार पडण्यापूर्वी परतण्याचा नियम असतो. मोबाइलला येथे रेंज मिळेलच असे नाही. हातातून चाललेल्या वेळेचे हे दडपण माणसाला पाण्यात उतरवते.

अशा वेळी काय करावे, याचे उत्तर फार जुने आणि फार साधे आहे: बसून राहावे. लहान पाणलोटाचा ओढा जितक्या लवकर चढतो, तितक्याच लवकर उतरतो. पाऊस थांबल्यानंतर दोन-तीन तासांत बहुधा उतार मोकळा होतो. रात्र जंगलात काढावी लागली तरी ती कुडकुडत का होईना, निघून जाते. होडीवाल्याचे वेळापत्रक चुकले, वनरक्षकाचे बोलणे खावे लागले, घरचे काळजीत पडले, तरी हे सारे भरून येण्यासारखे आहे.

पाणी चढू लागल्याच्या खुणा आधी मिळतात, मात्र त्या पाहायला हव्यात. नितळ पाण्याला गढूळ झाक येते. पाण्यावरून सुकी पाने, काटक्या, फेसाचे गोळे वाहू लागतात. मघापर्यंत कोरड्या असलेल्या दगडाच्या माथ्यावर ओल चढते. आवाज बदलतो, वरच्या अंगाला गोटे गडगडल्यासारखा घुमारा ऐकू येतो. यापैकी एकही खूण दिसली, तर ओढ्याच्या पात्रातून चालणे तत्काळ सोडून काठावर चढावे, आणि ज्या काठावरून परतीची वाट आहे तो काठ धरावा. पात्रातल्या मोठ्या दगडावर चढून उभे राहणे ही सहज सुचणारी युक्ती आहे आणि ती बहुतेक वेळा घातक ठरते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एक कुटुंब असेच प्रवाहाच्या मधोमध अडकले आणि त्यातील पाच जण वाहून गेले. ते दृश्य राज्यातील असंख्य लोकांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. पाणी किती थोड्या मिनिटांत वाढले, ते त्यात स्पष्ट दिसते.

उतार कसा निवडावा

नदी किंवा ओढा पायी ओलांडण्याच्या जागेला मराठीत ‘उतार’ असा नेमका शब्द आहे. डांबरी रस्ते आणि पूल झाल्यापासून तो आपल्या बोलण्यातून गेला. खेड्यांत अजून टिकून आहे. उतार कोठे असावा हे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवलेले असते आणि त्यामागे हिशेब असतो. शहरातून आलेला माणूस पात्र जेथे सर्वांत अरुंद आहे, तेथे ओलांडू पाहतो, कारण अंतर कमी दिसते. पण तेवढेच पाणी अरुंद जागेतून जायचे म्हणजे ते खोल तरी असणार किंवा वेगवान तरी, बहुधा दोन्ही. उतार नेहमी पात्र पसरट असेल तेथे असतो. पाण्यावर बारीक खळखळ असते, तळाचे गोटे दिसतात, आणि खालच्या अंगाला लगेच धबधबा, डोह किंवा आडवे पडलेले झाड नसते. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. पाय घसरलाच तर आपण कोठे जाऊन पडणार, हे पाण्यात उतरण्यापूर्वी पाहावे. आडव्या पडलेल्या फांद्यांतून पाणी आरपार जाते. माणूस मात्र त्यात अडकतो.

बूट काढावेत की ठेवावेत, यावर दर मोहिमेत वाद झडतो. स्थानिक माणूस अनवाणी सहज जातो. त्याचे पाहून आपण जाऊ नये. त्याच्या तळपायाला जी पकड आणि जी सवय आहे, ती आपल्याला नाही. पायाला ठेच लागली, तळव्यात धारदार दगड घुसला, तर पुढचे सहा तास त्याच पायावर चालायचे असते. बूट ओले झाले तर होऊ द्यावेत. फार तर मोजे काढून कोरडे ठेवावेत आणि पलीकडे गेल्यावर बूट निथळून घ्यावेत. रबरी तळव्याचे, पाणी चटकन बाहेर टाकणारे कापडी बूट या वाटेला महागड्या जाड चामडी बुटांपेक्षा चांगले, असे आमचे मत आहे.

दगड निवडतानाही एक ठोकताळा आहे. पाण्याबाहेर डोके काढलेला, खरबरीत, फिकट दिसणारा कोरडा दगड भरवशाचा. काळा, चकचकीत, नुकताच ओला झालेला दगड शेवाळलेला असतो, त्यावर भार टाकू नये. दगडांवरून उड्या मारत जाण्यात शान वाटते, पण पाठीवर ओझे असताना उडी चुकली तर मनगट किंवा घोटा मोडतो. सरळ पाण्यात पाय घालून, तळ चाचपत जाणे कमी शोभिवंत आणि अधिक सुरक्षित असते.

प्रवाह जोरदार असेल तर पाठपिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडावा, खांद्याचे पट्टे सैल करावेत. पडलो तर पिशवी झटकून मोकळे होता आले पाहिजे. हातात छातीएवढी उंच, मजबूत काठी असावी. तोंड वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते तिकडे करावे, काठी समोर रोवावी आणि दोन पाय व काठी अशा तीन टेकूंपैकी एका वेळी एकच हलवावा. पाय उचलून टाकण्याऐवजी तळाशी घासत सरकवावा. अनेक जण असतील तर एकामागे एक, खांदे धरून, सर्वांत भक्कम माणूस वरच्या अंगाला ठेवून एकत्र सरकावे. पुढच्याने पाणी फोडले की मागच्यांवरचा जोर कमी होतो. कमरेला दोर बांधून ओलांडण्याची हौस चित्रपटांतून आलेली आहे. बांधलेला माणूस पडला, तर ताणलेला दोर त्याला वर काढत नाही, प्रवाहात धरून ठेवतो आणि पाणी त्याला खाली दाबते. प्रशिक्षित पथकाखेरीज दोराच्या वाटेला जाऊ नये.

किती पाण्यात उतरावे? पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा पायांवरील रेटा चौपट होतो, दुप्पट नव्हे. म्हणून संथ डोहात कमरेएवढ्या पाण्यातून चालता येते आणि वेगवान ओढ्यात गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला उलथवते. नवख्यांच्या गटासाठी वाहत्या पाण्यात गुडघा ही मर्यादा मानावी. गटात मुले असतील तर त्यांच्या गुडघ्याने मोजावे. काठी पाण्यात धरल्यावर हाताला थरथर जाणवत असेल, तर पाऊल टाकण्यापूर्वीच माघारी फिरावे.

आटणारे पाणी

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ही वाट सर्वांत सुखाची असते. ओढे वाहते असतात, पण शांत. अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या दाटीतून ऊन कवडशांनी उतरते. काठाने वाळुंजाची झाडे पाण्यावर वाकलेली दिसतात. कारवीच्या रानातून वाट निघते तेव्हा दोन्ही बाजूंनी भिंती उभ्या केल्यासारखे वाटते. शेकरूची कर्कश साद डोक्यावरून जाते. नशीब असेल तर धनेशाच्या पंखांचा घोष ऐकू येतो. तो एकदा ऐकला की विसरत नाही.

फेब्रुवारी सरता सरता ओढा तुटू लागतो. प्रवाह जमिनीखाली जातो आणि पात्रात अंतराअंतरावर डोह तेवढे उरतात. चालणाऱ्याला हे सोयीचे, परंतु गवा, सांबर, भेकर, अस्वल आणि बिबट्या यांचा उन्हाळा याच डोहांवर निघतो. वाळूत आणि चिखलात त्यांचे ठसे उमटलेले असतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाणवठा त्यांचा असतो. अशा डोहात साबण लावून अंघोळ करणे, भांडी घासणे किंवा तासन्‌तास डुंबत बसणे म्हणजे तहानलेल्याच्या तोंडचे पाणी काढून घेणे आहे. प्यायचे पाणी घेतानाही वाहत्या धारेचे घ्यावे आणि जंतुनाशक गोळ्या टाकून किंवा उकळून प्यावे. जंगलातले पाणी शुद्धच असते, ही समजूत खरी नाही. ज्या डोहात रानडुकरे लोळतात, त्याच डोहाचे पाणी खाली झिरपत आलेले असते.

आटण्याची हीच गोष्ट जलाशयाची. कोयना धरणात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडू लागले आणि धरणाचे काम पूर्ण झाल्यावर शिवसागर हे नाव लाभलेला, 105 अब्ज घनफूट क्षमतेचा जलाशय तयार झाला. पावसाळ्यानंतर तो काठोकाठ भरलेला असताना होडी थेट झाडीच्या कडेला लागते. मे महिन्यात पाणी इतके मागे हटते, की होडीतून उतरल्यावर आधी भेगाळलेल्या गाळाचा उघडा पट्टा तुडवावा लागतो. वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि पाऊल पोटरीपर्यंत रुतते. या पट्ट्यात कधी जोत्याचे दगड दिसतात, कधी बांधाची रेघ. ती बुडालेल्या गावांची आहे.

कोयनेच्या खोऱ्यातील शंभराच्या आसपास गावे धरणामुळे उठली. सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत माणसांना वसवण्यात आले. काहींना जमीन मिळाली, पण पाणी मिळाले नाही. काहींचे दावे दोन पिढ्या लोटल्या तरी सरकारदरबारी रेंगाळत राहिले. जी गावे काठावर उरली, त्यांच्या वाटा पाण्याखाली गेल्या आणि बाजार, शाळा, दवाखाना या सर्वांसाठी लाँच हाच आधार झाला. पुढे 1985 मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले, 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या उरल्यासुरल्या वस्त्याही हलवण्याचा प्रश्न उभा राहिला. 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत पश्चिम घाटाचा समावेश झाला, त्यात कासचे पठार आणि कोयना ही दोन्ही ठिकाणे आहेत. आज आपण ज्याला निर्मनुष्य अरण्य म्हणून वाखाणतो, त्याचा बराचसा भाग तीन पिढ्यांपूर्वी नाचणी-वरीची शेती, गुरांच्या वाटा आणि देवळांचे उत्सव असलेला मुलूख होता. ओढ्याकाठचे देवस्थान जंगलात एकटे का उभे आहे, याचा उलगडा त्यातून होतो. बामणोलीत होडी चालवणारा अनेकदा अशाच एखाद्या गावाचा वारस असतो. त्याला विचारले, तर पाण्याखालच्या गावांची नावे तो बोट दाखवून सांगतो.

धारेवर

वासोट्याला जाणारी वाट ओढा सोडून दाट रानातून चढू लागते. वर रानातच नागेश्वराचा फाटा फुटतो. किल्ल्यावर पोहोचायला दोन ते अडीच तास पुरतात. छप्पर हरपलेले मारुतीचे मंदिर, पाण्याची टाकी, महादेवाचे देऊळ, चुन्याचा घाणा, आणि पश्चिमेला छाती दडपून टाकणारा बाबूकडा, एवढे पाहून बहुतेक जण परततात. शिवाजी महाराजांनी 1656 मध्ये जावळी घेतली, तरी वासोटा स्वराज्यात आला तो 1660 मध्ये. त्याला व्याघ्रगड हे नाव मिळाले. येथे तुरुंग होता, यात नवल नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला अरण्य आणि मधे ओढे, अशा ठिकाणी पहाऱ्याला फार माणसे लागत नाहीत. 1818 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा किल्ला घेतला.

किल्ल्यापासून नागेश्वरापर्यंतची आडवी वाट दोन-अडीच तासांची आहे. एका बाजूला कोकणची दरी आणि दुसऱ्या बाजूला कोयनेचे रान, अशी ती धारेच्या आगेमागे जाते. नागेश्वराच्या गुहेत शिवलिंग आहे आणि छतातून पाणी पाझरत असते. महाशिवरात्रीला कोकणातील भाविक चोरवण्याची चढण चढून येथे येतात. चकदेव, पर्वत आणि नागेश्वर ही या मुलखातली तीन शिवस्थाने. तिन्ही सह्याद्रीच्या माथ्याशी आहेत, आणि कोकण व घाटमाथा या दोन्हींकडचे लोक त्यांना आपली मानतात.

नागेश्वराच्या शेजारच्या खिंडीत उभे राहिले की जलविभाजक म्हणजे काय, हे नकाशावाचून कळते. पूर्वेला पडलेला थेंब मेट इंदवलीच्या ओढ्यातून शिवसागरात, तेथून कराडला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचा. पश्चिमेला पडलेला थेंब चोरवण्याच्या ओढ्याने खेड तालुक्यातून अरबी समुद्राकडे निघतो. निदान निसर्गाची योजना अशी होती. कोयना प्रकल्पाने ती अंशतः उलटवली. जलाशयाचे पाणी याच धारेच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेकडे नेऊन, पोफळीच्या परिसरात जनित्रांवर सोडून सुमारे 1,960 मेगावॉट क्षमतेची वीजनिर्मिती उभी राहिली आणि ते पाणी वाशिष्ठीला मिळाले. त्यामुळे मेट इंदवलीच्या ओढ्याचे पाणी आता समुद्राला कोणत्या दिशेने मिळेल, हे निश्चित सांगता येत नाही. पायथ्याच्या ओढ्यात उभे राहून त्याचा विचार करण्यात वेगळीच गंमत आहे.

एका दिवसात वासोटा आणि नागेश्वर दोन्ही करण्याचा अट्टहास मात्र तपासून पाहावा. सकाळची होडी, चौकीवरील नोंद, किल्ला, आडवी वाट, नागेश्वर आणि मग ओढ्यातून उतरण, असा हिशेब मांडला तर वेळ काठोकाठ भरतो. सर्वांत थकलेल्या अवस्थेत, सर्वांत कमी उजेडात, सर्वांत जास्त पाण्यातून चालण्याची पाळी येते. गोट्यांवरून उतरताना गुडघे बोलू लागतात आणि पाय घसरण्याचे प्रमाण येथेच वाढते. गट सराईत, लहान आणि वेळेचा पक्का असेल तरच हा बेत करावा. एरवी एका खेपेस एक ठिकाण पाहावे. नागेश्वर निवडले तर दुपारी एकची वेळ परतीसाठी ठरवून ठेवावी. मंदिर दृष्टीच्या टप्प्यात असले तरी एक वाजता फिरावे.

कोकणातून चढायचे असल्यास खेड तालुक्यातील चोरवणे गाठावे लागते. गावाबाहेर पडताच ओढ्याचा सहवास सुरू होतो. पुढे पात्र सोडून सोंडेवरची खडी चढण लागते आणि ती दमछाक करणारी आहे. या बाजूने आले तरी धारेवर अभयारण्याची हद्द आहे आणि परवानगीशिवाय तेथे फिरता येत नाही. वाटाड्या गावातूनच घ्यावा. पात्रातून चालताना वाट मळलेली नसते, दर पावसाळ्यात गोटे जागा बदलतात, आणि गेल्या वर्षीचा उतार यंदा त्याच जागी असेल असे नाही. ओढा कोठे सोडायचा, हे कळणे फार महत्त्वाचे. तो फाटा हुकला तर माणूस पाण्याच्या नादाने भलत्याच घळीत शिरतो आणि कड्याखाली जाऊन अडकतो.

कसे जाल?

साताऱ्याहून मेढा सुमारे 25 किलोमीटरवर आहे. मेढ्याहून डोंगर ओलांडून बामणोलीला जाता येते. साताऱ्याहून कासमार्गे थेट रस्ताही आहे आणि एसटीची सोय आहे. मुक्काम बामणोलीत किंवा जवळपासच्या गावांत करावा, कारण अभयारण्यात रात्री राहण्यास बंदी आहे. वनविभागाची परवानगी आदल्या दिवशी चौकशी करून घ्यावी, ओळखपत्र जवळ असावे. होड्या बामणोलीप्रमाणेच शेंबडी, मुनावळे आणि तापोळ्याहूनही मिळतात. होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नये. होडीवाल्याशी परतीची वेळ ठरवतानाच, आपण त्या वेळेला न आल्यास त्याने चौकीवर कळवावे, असेही बोलून ठेवावे. सोबत काठी, शिट्टी, विजेरी, एक जादा कपड्यांचा जोड आणि काडेपेटी प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत बांधून घ्यावी; ही पिशवी चौकीवर मोजून दाखवावी आणि परत आणावी. निघण्याच्या आदल्या दिवशी महाबळेश्वर-कोयना भागाचा पावसाचा अंदाज पाहावा, आणि आदल्या रात्री धारेवर पाऊस झाला का, हे सकाळी होडीवाल्याला विचारावे.